एक्के विचारण्याआधीचा हिशोब : ब्रिजमधली स्लॅमची बोली

खानदेशात पत्त्यांना खरा जोर चढतो तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. एरवी वर्षभर ज्याने पानाला हात लावलेला नसतो तोही त्या दिवसांत मेंढीकोटाला भिडू म्हणून बसतो, आणि ब्रिज शिकायला येणारा आमच्या जळगाव-भुसावळकडचा माणूस बहुधा याच वाटेने आलेला असतो. त्यामुळे हुकूम, हात, उतारी, भिडू हे शब्द त्याला शिकवावे लागत नाहीत. पडलेली पाने लक्षात ठेवण्याची सवयही त्याच्याजवळ असते. तो अडतो तो बोलीपाशी. त्यातही ‘४ नोट्रम्प’ म्हणून भिडूला एक्के विचारण्याची युक्ती त्याला सर्वांत आधी आवडते आणि सर्वांत जास्त महागात पडते. ही युक्ती पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. ती केव्हा वापरायची नाही हे समजायला मात्र वेळ लागतो, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी बोलीची भाषा थोडक्यात पाहू. ब्रिजमध्ये ५२ पाने चौघांत १३-१३ वाटली जातात आणि समोरासमोरचे दोघे भिडू असतात. डावाचे एकूण १३ हात. बोलीतला आकडा पहिले सहा हात सोडून मोजायचा, म्हणजे ‘४ इस्पिक’ याचा अर्थ इस्पिक हुकूम धरून आम्ही १० हात करू. पातळ्या सात, प्रत्येक पातळीवर किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नोट्रम्प असा चढता क्रम, एकूण ३५ बोली. नोट्रम्प म्हणजे हुकूम नसलेला डाव. प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीच्या वर असावी लागते. या ३५ बोली आणि पास, डबल, रिडबल एवढ्याच शब्दांत भिडूला आपली १३ पाने सांगायची असतात. मेंढीकोटात चालून जाणारी डोळ्यांची खूण येथे सरळ लबाडी ठरते. ब्रिजमधला प्रत्येक संकेत उघड असतो आणि ‘या बोलीचा अर्थ काय?’ असे विचारण्याचा प्रतिस्पर्ध्यांना पूर्ण अधिकार असतो.

पानांची ताकद मोजताना एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ गुण धरतात. सबंध जोडात असे ४० गुण असतात. १२ हात करण्याच्या बोलीला स्लॅम म्हणतात आणि सर्वच्या सर्व १३ हातांच्या बोलीला ग्रँड स्लॅम. अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये जी गुणांकनाची पद्धत रूढ केली तिच्यात स्लॅमचे बक्षीस मोठे आहे, पण ते आधी बोलून दाखवणाऱ्यालाच मिळते. चारच बोलून बारा हात केले, तर वरचे दोन हात किरकोळीत जमा होतात.

ते बक्षीस किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. समजा आपण व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेल्या स्थितीत, नाही. ४ इस्पिक बोलून १२ हात केले तर ४८० गुण मिळतात. तेच ६ इस्पिक बोलून केले तर ९८०. फायदा ५०० गुणांचा. उलट हात ११च होणार असतील, तर ४ इस्पिकला ४५० मिळाले असते आणि ६ इस्पिक बोलणाऱ्याला उणे ५० पदरात पडतात. तोटाही बरोबर ५०० गुणांचा. व्हल्नरेबल असताना हाच फायदा-तोटा ७५०-७५० होतो. याचा अर्थ असा की साध्या स्लॅमची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर बोलावे, कमी असेल तर थांबावे. ग्रँड स्लॅमचे गणित वेगळे आहे आणि त्याकडे पुढे येऊ.

बारा हात होण्याइतकी ताकद दोघांत असूनही स्लॅम बुडण्याचे सर्वांत चीड आणणारे कारण म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी पहिल्या दोन उताऱ्यांतच दोन एक्के ओढून नेणे. इंडियानापोलिस येथे विमा व्यवसायात असलेल्या ईझली ब्लॅकवुड यांनी १९३३ मध्ये यावर उपाय सुचवला. हुकमाचा रंग ठरल्यावर ४ नोट्रम्प ही बोली तिच्या मूळ अर्थाने क्वचितच लागते, म्हणून तिचा उपयोग एका प्रश्नासाठी करावा : ‘तुझ्याकडे एक्के किती?’ भिडूने उत्तर पायरीपायरीने द्यायचे. ५ किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, ५ चौकट म्हणजे एक, ५ बदाम म्हणजे दोन, ५ इस्पिक म्हणजे तीन. एकही नाही आणि चारही या दोन टोकांना एकच उत्तर ठेवले आहे, कारण विचारणाऱ्याला आपली पाने आणि आधीची बोली यांवरून त्यांतले खरे कोणते ते कळतेच.

आता एक डाव जवळून पाहू. आप्पांनी १ इस्पिकने बोली उघडली. त्यांच्या हातात ही पाने आहेत :

इस्पिक : राजा, राणी, गुलाम, १०, ८, ६
बदाम : राजा, राणी, गुलाम, १०
चौकट : ७
किलवर : एक्का, राजा

समोरून नानांनी ३ इस्पिक म्हटले, म्हणजे हुकमाची चार पाने आणि १० ते १२ गुण. आप्पांच्या पानांत जाणारे हात कोणते, हे बोट ठेवून मोजता येते : इस्पिकचा एक्का, बदामाचा एक्का आणि चौकटीचा एक्का. चौथा हात कोठेच जात नाही. नानांकडे यांतले दोन असतील तर बारा हात, तिन्ही असतील तर तेरा, एकच असेल तर अकरा. नानांकडच्या राजा-राण्यांशी आप्पांना काही देणेघेणे नाही. ब्लॅकवुडचा प्रश्न अशाच पानांसाठी आहे.

तरीही प्रश्न टाकण्याआधी आप्पांनी एक हिशोब करायला हवा. उत्तर वाईट आले तर पाचव्या पातळीवर थांबावे लागेल. तेथे ११ हात तरी निघतील का? आप्पांकडे १९ गुण आहेत, म्हणजे उरलेल्या तिघांत मिळून २१. त्यांतून तीन एक्क्यांचे १२ वजा केले तर ९ उरतात. नानांनी किमान १० गुण सांगितले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे निदान एक एक्का असलाच पाहिजे, आणि एक असला की ५ इस्पिक होतात. प्रश्न सुरक्षित आहे हे असे आधीच सिद्ध करता येते, आणि हा हिशोब मांडायला कागदही लागत नाही.

नानांची पाने दोन तऱ्हांनी मांडून पाहा. पहिल्या तऱ्हेत त्यांच्याकडे इस्पिकचा एक्का, ९, ७, ४. बदामाचा एक्का आणि ३. चौकटीचा गुलाम, ८, ५, २. किलवरची राणी, ६, २. दुसऱ्या तऱ्हेत इस्पिकची ९, ७, ५, ४. बदामाची ८, ३. चौकटीचा एक्का, राजा, गुलाम, २. किलवरची राणी, गुलाम, ६. दोन्हीकडे ११ गुण, दोन्हीकडे चार हुकूम, दोन्हीकडे ३ इस्पिक हीच रास्त बोली. पण पहिल्या तऱ्हेत उत्तर ५ बदाम येते, आप्पा ६ इस्पिक बोलतात आणि चौकटीचा एक हात देऊन बाकीचे बारा घेतात. दुसऱ्या तऱ्हेत उत्तर ५ चौकट येते, आप्पा ५ इस्पिकवर थांबतात आणि इस्पिक व बदाम यांचे दोन एक्के देऊन अकरा हात करतात. आणि नानांकडून ५ इस्पिक, म्हणजे तीन एक्के, असे उत्तर आले असते तर इस्पिकचे सहा, बदामाचे चार, चौकटीचा एक आणि किलवरचे दोन असे तेरा हात टेबलावर मांडूनच दाखवता आले असते. तेव्हा ७ नोट्रम्पही चालले असते.

यातून या पद्धतीचे मर्म स्पष्ट व्हावे. स्लॅमला पुरेल एवढी ताकद आहे की नाही, हे ४ नोट्रम्प विचारून कळत नाही. ते त्याआधीच कळलेले असावे लागते. ब्लॅकवुडचा प्रश्न विचारायचा तो नको त्या स्लॅमपासून वाचण्यासाठी. आणि तो विचारण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने प्रत्येक संभाव्य उत्तरावर आपण काय करणार हे आधी ठरवले आहे. जिनिंगवर कापसाचा भाव विचारणारा शेतकरी कोणत्या भावाला गाडी खाली करायची आणि कोणत्या भावाला परत फिरवायची हे मनाशी ठरवूनच तोंड उघडतो. येथेही तेच आहे. ‘एक एक्का आला, आता काय करू?’ असा विचार ज्याला उत्तर आल्यावर पडतो, त्याने प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो. आमच्याकडच्या टेबलांवर बुडालेले बहुतेक स्लॅम मला तरी याच जातीचे वाटतात.

चुकीच्या वेळेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे न बोललेल्या एखाद्या रंगात हातात दोन फुटकळ पाने असणे. पुन्हा आप्पांचीच पाने घेऊ : इस्पिकचा एक्का, राणी, गुलाम, ९, ६, बदामाची ८, ४, चौकटीचा एक्का, राजा, राणी, ३, किलवरचा राजा, ५. गुण पुन्हा १९. त्यांची १ इस्पिक, नानांची ३ इस्पिक, आणि आप्पांना राहवले नाही : ४ नोट्रम्प. उत्तर ५ चौकट, एक एक्का. आपले दोन आणि भिडूचा एक मिळून तीन झाले, चौथा गेला तर जाऊ दे, असे म्हणून आप्पांनी ६ इस्पिक केले. उतारी झाली बदामाच्या एक्क्याची, मागोमाग बदामाचा राजा, आणि तिसरा हात सुरू होण्याआधीच करार बुडाला. नानांकडे होते ते असे : इस्पिकचा राजा, १०, ७, ३, बदामाची राणी, गुलाम, ६, चौकटीची ८, ४, किलवरचा एक्का, राणी, ७, २.

“नाना, एक एक्का आहे असं तुम्हीच बोललात ना?”

“बोललो ना आप्पा. तुम्ही किती ते विचारलं, कोणता ते कुठे विचारलं?”

नानांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ब्लॅकवुडचे उत्तर संख्या सांगते, रंग सांगत नाही. आप्पांना जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की बदामाच्या रंगात प्रतिस्पर्धी लागोपाठ दोन हात ओढू शकतात का. आणि नेमके हेच ४ नोट्रम्पने कळत नाही. यासाठी वेगळी वाट आहे, तिला क्यू-बिड म्हणतात. हुकूम ठरल्यानंतर आणि गेमच्या (येथे ४ इस्पिकच्या) वर जाण्याआधी दोघांनी आपापले ताबे खालून वर या क्रमाने सांगत जायचे. ताबा म्हणजे त्या रंगात पहिला किंवा दुसरा हात आपण अडवू शकतो असे काही : एक्का, राजा, एकच पान, किंवा रंगच नसणे. मधला रंग गाळला तर तेथे ताबा नाही असे समजायचे. वरच्या डावात आप्पांनी ३ इस्पिकवर ४ किलवर म्हणावे. त्यांच्याकडे किलवरचा राजा आहे. नानांकडे चौकटीत ताबा नाही आणि बदामातही नाही, म्हणून ते दोन्ही रंग गाळून ४ इस्पिक म्हणतील. बदाम दोघांकडूनही उघडा आहे हे आप्पांना तेवढ्यात कळते. ते पास करतात आणि बदामाचे दोन हात देऊन अकरा हात आरामात होतात. ताब्यांची ही विचारपूस मुकाट्याने चौथ्या पातळीच्या आत आटोपते, हा तिचा दुसरा फायदा.

क्यू-बिड आणि ब्लॅकवुड यांत वैर नाही. उलट चांगले भिडू आधी क्यू-बिडने सर्व रंगांत ताबा आहे याची खात्री करतात आणि मग शेवटचा प्रश्न म्हणून एक्के मोजतात. नवशिक्या मात्र शेवटचा प्रश्न पहिल्यांदा विचारतो.

दुसरी अडचण हातात एखादा रंग मुळीच नसण्याची. इस्पिकचा राजा, राणी, गुलाम, ९, ७, ५, बदाम शून्य, चौकटीचा एक्का, राजा, राणी, ६, किलवरचा राजा, राणी, ८ अशी पाने घ्या. भिडूकडे एक एक्का आहे असे उत्तर आले. तो इस्पिकचा असेल तर आपला फक्त किलवरचा एक हात जातो आणि स्लॅम होतो. तो बदामाचा असेल तर इस्पिक आणि किलवर असे दोन हात जातात आणि स्लॅम बुडतो. उत्तर एकच, निकाल दोन. म्हणजे प्रश्नच फोल. अशा पानांसाठी ‘अमुक रंगातला एक्का सोडून बाकीचे सांग’ असे विचारणारी एक्स्क्लूजन ब्लॅकवुड नावाची पद्धत आहे, पण ज्या जोडीने ती नीट बसून ठरवलेली नाही तिने टेबलावर तिचा प्रयोग करू नये.

नोट्रम्पच्या बोलीवर ४ नोट्रम्पचा अर्थ पूर्ण बदलतो, आणि येथे अनुभवी मंडळींचीही गल्लत होते. भिडूने १ नोट्रम्पने, म्हणजे १५ ते १७ गुण आणि सपाट (चारही रंगांत जवळपास सारखी वाटलेल्या) पानांनी, बोली उघडली आणि आपण थेट ४ नोट्रम्प म्हटले, तर ते एक्के विचारणे नव्हे. ते निमंत्रण आहे : ‘तुझ्याकडे वरच्या टोकाचे गुण असतील तर ६ नोट्रम्प बोल, खालच्या टोकाचे असतील तर पास कर.’ दोघांचीही पाने सपाट असतील तर बारा हातांसाठी साधारण ३३ गुण लागतात असा अनुभवाचा आकडा आहे, आणि आपल्याकडे १६ असतील तर भिडूचे १७ आल्यावरच ती बेरीज जमते. या आकड्याची आणखी एक सोय अशी की दोघांत ३३ असले की प्रतिस्पर्ध्यांकडे सातच उरतात, आणि दोन एक्क्यांना आठ लागतात. एक्के विचारण्याचे कारणच उरत नाही. तसेच दोघांत ३७ असतील तर बाहेर तीनच गुण राहतात, म्हणजे एकही एक्का बाहेर नाही.

मात्र लांब रंगाच्या जोरावर नोट्रम्पनंतर स्लॅम करायचा असेल तर एक्के मोजावे लागतात. त्यासाठी ह्यूस्टनचे जॉन गर्बर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेली ४ किलवरची पद्धत आहे. १ किंवा २ नोट्रम्पवर थेट ४ किलवर म्हणजे एक्के किती. ४ चौकट म्हणजे शून्य किंवा चार, ४ बदाम एक, ४ इस्पिक दोन, ४ नोट्रम्प तीन. प्रश्न एक पातळी खाली असल्याने उत्तर नको तसे आले तरी थांबायला जागा राहते. गर्बर फक्त नोट्रम्पवरच वापरावी असे माझे स्पष्ट मत आहे. रंगाच्या बोलीवरही ती चालवणारे भिडू ४ किलवरची क्यू-बिड गमावून बसतात, आणि ती किती मोलाची असते ते वरच्या डावात दिसलेच.

ब्लॅकवुडच्या मूळ पद्धतीत एक उणीव होती. दोघांत हुकमाची नऊ पाने आहेत, पण हुकमाचा एक्का आणि राजा दोन्ही बाहेर आहेत अशी कल्पना करा. मोजणीत एकच एक्का कमी दिसेल, आपण सहा बोलू आणि हुकमाचेच दोन हात जातील. म्हणून आज स्पर्धांत बहुतेक जोड्या रोमन कीकार्ड ब्लॅकवुड वापरतात. तिच्यात किल्लीची पाने पाच धरली जातात : चार एक्के आणि हुकमाचा राजा. उत्तरे अशी : ५ किलवर म्हणजे शून्य किंवा तीन, ५ चौकट म्हणजे एक किंवा चार, ५ बदाम म्हणजे दोन, पण हुकमाची राणी नाही, ५ इस्पिक म्हणजे दोन आणि हुकमाची राणीही आहे. पाचांपैकी दोन बाहेर असतील तर पाचवर थांबायचे. एकच बाहेर असेल आणि हुकमाची राणी आपल्याकडे असेल तर सहसा सहा बोलायचे. एक किल्लीही बाहेर आणि राणीही बाहेर असेल तर स्लॅमचे भवितव्य हुकूम कसे वाटले गेलेत यावर लटकते, आणि अशा वेळी थांबणे शहाणपणाचे.

पहिल्या दोन उत्तरांत राणीचा उल्लेख नाही, म्हणून ती विचारण्याची सोय ठेवली आहे. उत्तरानंतर हुकूम सोडून लगतचा वरचा रंग बोलला की त्याचा अर्थ ‘हुकमाची राणी आहे का?’ भिडू हुकमाच्या रंगात शक्य तितक्या खालच्या पातळीवर परतला तर नाही. दोघांत मिळून हुकमाची दहा पाने आहेत हे उत्तर देणाऱ्याला बोलीवरून ठाऊक असेल, तर राणी नसतानाही त्याने ‘आहे’ असेच म्हणावे, कारण बाहेरची तीनच पाने असताना एक्का आणि राजा ओढल्यावर राणी बहुधा पडतेच.

पहिली दोन उत्तरे उलटी करून, म्हणजे ५ किलवरला एक किंवा चार आणि ५ चौकटीला शून्य किंवा तीन असा अर्थ देऊन, खेळणारे पुष्कळ आहेत. या प्रकाराला ‘१४३०’ म्हणतात. व्हल्नरेबल असताना ६ इस्पिक किंवा ६ बदाम पुरे केल्यावर मिळणारे गुणही नेमके १४३०, त्यामुळे नाव लक्षात राहते. एक किल्ली हे उत्तर वारंवार येते आणि ते स्वस्तात मिळाले की राणी विचारायला जागा उरते, विशेषतः बदाम हुकूम असताना. दोन्हींपैकी कोणता प्रकार घ्यायचा याने फार फरक पडत नाही. भिडूंपैकी एक ‘१४३०’ समजून आणि दुसरा जुना प्रकार समजून बसला तर मात्र पडतो.

चौकट किंवा किलवर हुकूम असताना ४ नोट्रम्प हे प्रकरण निसरडे आहे. किलवर हुकूम आहे, आपल्याला दोन एक्के हवेत, आणि उत्तर आले ५ चौकट, म्हणजे एक. आता ५ किलवरवर थांबता येत नाही, कारण बोली तिच्यावरून पुढे निघून गेली. म्हणून या रंगांत विचारण्याआधी सर्वांत वाईट उत्तर कोणते येऊ शकते आणि ते आल्यावर आपण कोठे उतरणार हे पाहावे. जागा नसेल तर विचारू नये. काही जोड्या यासाठी हुकमाच्या लगत वरच्या रंगाची चौथ्या पातळीवरची बोली प्रश्न म्हणून वापरतात. ती किकबॅक पद्धत सुरेख आहे, पण विसरायलाही फार सोपी आहे.

राजांची विचारपूस ५ नोट्रम्पने होते आणि तिला एक अट आहे : सर्व एक्के, किंवा सर्व पाचही किल्ल्या, आपल्या दोघांत आहेत अशी खात्री असेल तरच ५ नोट्रम्प म्हणायचे. म्हणजे ती बोली प्रश्नही आहे आणि भिडूला दिलेली माहितीही. ती ऐकून ज्याच्याकडे न बोललेला लांब आणि भक्कम रंग आहे त्याने राजे मोजत बसण्याऐवजी सरळ सात बोलावे. मात्र ग्रँड स्लॅमचा हिशोब कडक आहे. व्हल्नरेबल असताना ७ इस्पिक साधले तर २२१० गुण. सहा बोलून तेरा केले असते तर १४६०. फायदा ७५० गुणांचा. पण सात बोलून बाराच झाले तर उणे १००, आणि सहा बोलले असते तर १४३०; तोटा १५३० गुणांचा. फायद्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून निव्वळ गुणांच्या हिशोबाने ग्रँड स्लॅमची शक्यता तीनात दोन तरी असावी लागते.

शिस्तीचा मुद्दा उरतो, आणि तो नियमांचाही आहे. विचारणाऱ्याने उत्तर ऐकून पाचवर थांबायचे ठरवले, तर उत्तर देणाऱ्याने पास करायचा. आपल्याकडे एक जास्तीचा राजा आहे किंवा पाने देखणी आहेत म्हणून पुढे जायचे नाही, कारण सूत्रे विचारणाऱ्याच्या हाती दिलेली असतात. अपवाद एकच : ५ किलवरसारखे दुहेरी उत्तर दिले असेल, विचारणाऱ्याने ते शून्य समजून थांबा म्हटले असेल आणि आपल्याकडे प्रत्यक्षात तीन असतील, तर पुढे जाणे रास्त आहे. यात एक नाजूक जागा आहे. विचारणारा ५ इस्पिक म्हणण्याआधी बराच वेळ छताकडे बघत बसला, तर त्याच्या त्या घुटमळण्यातून ‘सहाचा मोह होत होता’ हे भिडूला कळते. ब्रिजच्या १६व्या नियमानुसार ही अनधिकृत माहिती आहे. तिच्या आधारे भिडूने सहा बोलून स्लॅम साधला तर प्रतिस्पर्धी पंचांना बोलावू शकतात आणि पंच निकाल बदलू शकतात. घरच्या डावात पंच नसतो, म्हणून ही सवय तेथेच लागते आणि स्पर्धेत गेल्यावर अंगाशी येते. उत्तर येण्याआधीच सगळे ठरवून ठेवणाऱ्याला घुटमळावे लागत नाही, हा त्या हिशोबाचा आणखी एक उपयोग.

शेवटी, प्रतिस्पर्धी मध्येच बोलले तर काय करायचे तेही ठरलेले हवे. आपल्या ४ नोट्रम्पनंतर त्यांनी ५ बदाम घातले, तर पायऱ्यांचे नेहमीचे उत्तर देता येत नाही. सर्वांत प्रचलित तोड अशी की डबल म्हणजे एकही नाही, पास म्हणजे एक, लगतची वरची बोली म्हणजे दोन. त्यांनी बोली न घालता नुसते डबल केले, तर रिडबल म्हणजे एकही नाही आणि पास म्हणजे एक. कीकार्ड खेळणाऱ्यांनी याच पायऱ्या किल्ल्यांसाठी लावायच्या, फक्त जेथे शून्य आहे तेथे शून्य किंवा तीन, आणि जेथे एक आहे तेथे एक किंवा चार असे वाचायचे. ‘१४३०’ खेळणाऱ्यांनी या दोन पायऱ्यांची अदलाबदल करायची की नाही हे भिडूशी पहिल्या डावाआधी बोलून घ्यावे.